आधी कोणाकडे?

दुर्मीळ व्याधी घेऊन आलेला रुग्ण इस्पितळात फार काळ एकटा पडत नाही. त्याच्या खाटेभोवती ज्येष्ठ डॉक्टर जमतात, शिकाऊ विद्यार्थी टिपणे घेतात, त्याचे क्ष-किरणचित्र उजेडासमोर धरून चर्चा होते, आणि त्या गजबजीत त्याच्या प्रकृतीतील लहानसा फरकही कोणाच्या ना कोणाच्या दृष्टीस पडतोच. परंतु मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयाची दुर्बलता, अर्धांगवायू, न्यूमोनिया हे जे नित्याचे, सर्वांच्या परिचयाचे आणि म्हणूनच कोणालाही विशेष न वाटणारे विकार आहेत, त्यांनी ग्रासलेला प्रौढ माणूस डॉक्टरांची सकाळची फेरी आटोपली की दिवसाच्या उरलेल्या प्रहरांत आणि सबंध रात्र बहुतांशी परिचारिकेच्या हवाली असतो. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे सरकारदप्तरी आता अहिल्यानगर झालेल्या जिल्ह्यातील, इस्पितळांच्या मेडिकल वॉर्डांत माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, आणि मला जे सांगावयाचे आहे ते या हवाली असण्याविषयी.

औषध कोणते, किती आणि किती वेळा, हे केसपेपरवर डॉक्टर लिहितात. तो अधिकार त्यांचा आहे आणि त्यांचाच असावा. पण लिहिलेले औषध या घटकेला या माणसाच्या मुखी घालावे की थांबून डॉक्टरांना पुन्हा विचारावे, एकाच वेळी तीन खाटांवरून हाका आल्या असता पाऊल आधी कोणाकडे वळवावे, आणि मध्यरात्री दिसलेला एखादा फरक सकाळपर्यंत थांबण्याजोगा आहे की डॉक्टरांची झोप मोडण्याजोगा, हे निर्णय आगाऊ कोणी लिहून ठेवू शकत नाही. नाडी साठाच्या खाली गेलेली पाहून हृदयविकारावरील डिजॉक्सिनची गोळी हातातच राखणारी, किंवा वरचा रक्तदाब नव्वदावर उतरलेला पाहून रक्तदाबाची गोळी ट्रेमध्ये परत ठेवणारी आणि लगेच डॉक्टरांना कळविणारी परिचारिका हुकमाची अवज्ञा करीत नसते. हुकूम लिहिला गेला त्या वेळची परिस्थिती पालटली आहे, ही खबर ती हुकूम देणाऱ्यापर्यंत पोहोचवीत असते. या कामाला जी दृष्टी लागते तिला शास्त्राचा आधार हवा, हे उघड आहे. पण तिला या मुलखाचीही ओळख हवी, हे मला नोकरीत रुजू झाल्यावर पुष्कळ काळाने उमगले.

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा 17,000 चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेला आहे, आणि त्याच्या 14 तालुक्यांत एकसारखे असे फार थोडे आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यातील कळसूबाईच्या पायथ्याची, पावसाने भिजून निघणारी आदिवासी गावे. उत्तरेस 1926 साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाच्या आणि गोदावरीच्या पाटांवर पोसलेली उसाची शेते. आणि पूर्वेस पाथर्डी, शेवगाव, जामखेड, जेथील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास संसार गाडीत भरून, कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. अकोल्याकडची आजी आली की तिच्या छातीत चुलीपुढे काढलेल्या सगळ्या आयुष्याचा धूर असतो. ऊसतोडीहून परतलेल्या बाईच्या पायाची न भरणारी जखम तिच्या मधुमेहाची पहिली वार्ता सांगते. पाटाकाठचा बागायतदार दोन-तीन दवाखान्यांच्या गोळ्या एकाच पिशवीत घेऊन येतो, आणि त्यांतील दोन पाकिटांत एकच औषध दोन वेगळ्या नावांनी निघते. तोंड वाकडे होऊन अर्धे अंग लुळे पडलेल्या माणसाला घेऊन नातेवाईक आले की मी सर्वांत आधी विचारीत असे, की याला शेवटचे धडधाकट कोणी आणि केव्हा पाहिले. कारण मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या मुदतीतच देता येते, आणि एवढ्या विस्तीर्ण जिल्ह्यात त्या मुदतीतील बराच भाग रस्त्यावरच सरलेला असतो. दुसरी ताकीद पाण्याची. घोट नीट गिळला जातो की नाही याची खातरजमा होईपर्यंत अशा माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालावयाचा नाही, आणि हे त्याच्या बायकोला समजावून सांगणे फार कठीण जाते, कारण आपल्याकडे आजारी माणसाला पाणी पाजणे ही मायेची पहिली कृती मानली जाते.

त्र्यंबकेश्वराहून पंढरपुरास जाणारी निवृत्तिनाथांची पालखी आमच्या नगरवरून जाते, आणि ज्येष्ठ वद्य एकादशीच्या सुमारास वारकरी वाटेवर असतात. अशाच एका एकादशीला दिंडीतील चार-पाच माणसे एका वयस्क वारकऱ्याला टेम्पोत घालून घेऊन आली. अंग घामाने चिंब, नजर सैरभैर, बोलणे असंबद्ध, आणि धरावयास जाणाऱ्याचा हात तो झिडकारीत होता. दारातील कोणीतरी हलक्या आवाजात दारूचा संशय बोलून दाखविला. तो त्या तुळशीमाळ घातलेल्या माणसाच्या सोबत्यांच्या कानी गेला आणि त्यांचे चेहरे दुखावले गेले. त्यांच्या मते हा चालण्याचा शीण होता, आणि एकजण तांब्यात साखरेचे पाणी कालवून ते त्याच्या तोंडाला लावण्याच्या बेतात होता. अर्धवट शुद्धीच्या माणसाच्या घशात ते पाणी गेले असते तर श्वासनलिकेत उतरले असते, म्हणून तांब्या आधी बाजूला केला आणि त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. साखर 38 भरली. सत्तरीच्या खालची साखर धोक्याची समजतात. 38 वर मेंदूची उपासमार चालू झालेली असते, आणि ती शिणासारखी, दारूसारखी, वेडासारखी, कशासारखीही दिसू शकते. शिरेतून ग्लुकोज जाऊ लागले आणि काही मिनिटांतच त्याने आपल्या गावाचे नाव सांगितले.

खरा निर्णय त्यानंतरचा होता. माणूस उठून बसला, बोलू लागला, आणि दिंडी पुढच्या मुक्कामाला निघून जाईल या काळजीने सोबती निघण्याची घाई करू लागले. मी त्यांना गोळ्यांची पिशवी दाखवावयास सांगितली. तिच्यात मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड होते. हे औषध स्वस्त आणि गुणकारी खरे, परंतु त्याचा अंमल फार वेळ टिकतो, आणि उपाशी किंवा वयस्क माणसाची साखर एकदा सावरली तरी काही तासांनी ती पुन्हा घसरते. डॉक्टरांशी बोलून त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेण्याचे ठरले. पण माणसाला केवळ सक्तीने ठेवता येत नाही. एकादशी मोडणार नाही, असे त्याला सांगावे लागले, आणि ते खरेही होते. साखर, दूध, केळी, राजगिऱ्याचा लाडू हे सारे उपासाला चालते. “माउली, गोळीचा अंमल उतरू द्या, पांडुरंग कुठे पळून जात नाही,” असे मी म्हटले, तेव्हा तो राहिला. रात्री त्याची साखर खरोखरच पुन्हा एकदा उतरली, आणि ती वॉर्डात उतरली, रस्त्यावर नव्हे.

उपासाची दुसरीही बाजू आहे. उपास म्हणजे पोटाला विश्रांती अशी समजूत असली तरी साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि रताळे यांच्या ताटाने मधुमेह्याची साखर एरवीच्या जेवणाहूनही वर जाते. तर निर्जळी धरणाऱ्याची ती खाली येते. म्हणून इन्शुलिन देण्याची वेळ कागदावर कितीही स्पष्ट लिहिलेली असो, ताट समोर आलेले आणि त्यात काय आहे ते डोळ्यांनी पाहिल्यावाचून सुई टोचावयाची नाही, हा नियम मी माझ्या हाताखालच्या मुलींना घालून दिला होता. आज काही धरले आहे का, असे प्रत्येक मधुमेह्याला सकाळी विचारणे हे तापमान पाहण्याइतकेच शुश्रूषेचे काम आहे, असे मी मानते.

रात्रपाळीतील निर्णयांचे स्वरूप निराळे असते, कारण तेथे साऱ्या गोष्टी एकदम अंगावर येतात आणि मदतीला माणूस नसते. एका रात्रीचा प्रसंग सांगते. मुतखड्याचा एक तरुण वेदनेने खाटेवर लोळत होता आणि त्याचा आवाज वऱ्हांड्यापर्यंत जात होता. दुसऱ्या खाटेवरचे नातेवाईक सलाईन संपले म्हणून माझ्यामागे फिरत होते. आणि कोपऱ्यातील खाटेवर जुन्या दम्याची अकोल्याकडची एक आजी होती, जी संध्याकाळपासून नाकातील ऑक्सिजनच्या नळीविषयी कुरकुर करीत होती आणि आता शांत झोपली होती. सोबतीला असलेला मुलगा समाधानाने म्हणाला, “सिस्टर, आईला आता बरं वाटतंय, बघा, मीटरसुद्धा 99 दाखवतोय.” मी तरुणाला येतेच म्हणून सांगितले, संपलेल्या सलाईनची चावी जाता जाता बंद केली, आणि कोपऱ्यात गेले.

आजीला हाक मारली तर तिने डोळे उघडले नाहीत. कपाळावर घाम होता, हात उबदार होते, आणि श्वास पूर्ण मिनिटभर मोजला तेव्हा तो संध्याकाळपेक्षा मंद आणि उथळ झालेला होता. ऑक्सिजनच्या चावीकडे पाहिले तर ती मी ठेवली होती त्याहून पुष्कळ वर चढविलेली होती. वर्षानुवर्षांच्या धुराने ज्यांची फुफ्फुसे झिजली आहेत अशा काही माणसांना ऑक्सिजन प्रमाणाबाहेर दिला, तर रक्तात कर्बवायू साठत जातो आणि त्या वायूची गुंगी झोपेसारखी दिसते. म्हणूनच अशा रुग्णाच्या बाबतीत मीटरवर 88 ते 92 हा आकडा आम्हांला हवा असतो. 99 पाहून निर्धास्त व्हावयाचे नसते. मी ऑक्सिजन एकाएकी बंद केला नाही, कारण तसे करणेही तितकेच घातक असते. तो लिटर-दीड लिटरवर आणला, तिला उशांच्या आधाराने उठवून बसते केले, डॉक्टरांना बोलावणे धाडले आणि श्वास मोजीत तिच्याजवळ उभी राहिले. डॉक्टर आले, श्वासाला साहाय्य करणारे यंत्र लावले गेले, आणि मी तरुणाला वेदनाशामक इंजेक्शन देऊन परतले. पहाटे आजीने डोळे उघडून पहिली तक्रार त्या यंत्राच्या पट्ट्यांविषयी केली. मुलाने चावी आपण होऊन वाढविली होती. आईला हवा कमी पडू नये एवढाच त्याचा हेतू होता, आणि त्याला रागावण्यासारखे काहीच नव्हते. चावीला हात का लावावयाचा नाही, हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. त्या रात्रीनंतर ज्याला ज्याला ऑक्सिजन लावला त्याच्या सोबत्याला बसवून हे समजावून सांगणे मी आपल्या कामाचा भाग मानले.

मुतखड्याची वेदना खरी होती आणि ती क्षुल्लक लेखावी असे मी कधीच म्हणणार नाही. पण ओरडण्याइतका श्वास ज्याच्यापाशी आहे त्याचा जीव त्या घटकेला बहुधा सुरक्षित असतो. जो कुरकुर करता करता गप्प झाला त्याच्याकडे आधी गेले पाहिजे. प्रौढांच्या नेहमीच्या व्याधींत बिघाडाची पहिली खूण पुष्कळदा श्वासाच्या गतीत उमटते, नाडी आणि रक्तदाब यांच्याही आधी. आणि नेमकी हीच नोंद तक्त्यावर बहुतेक ठिकाणी न मोजता लिहिली जाते. प्रत्येक रुग्णापुढे सारखाच आकडा लिहिलेला तक्ता माझ्यापुढे आला की तो मी परत पाठवीत असे, आणि याबद्दल काही मुलींचा रोषही मी पत्करला.

डॉक्टरांना रात्री उठविण्याचा संकोच नव्या परिचारिकेला फार असतो. उठविले आणि विशेष काही निघाले नाही तर काय, ही धास्ती तिला वाटते. मी त्यांना सांगत असे, की “पेशंटला बरं वाटत नाही” एवढेच बोलून फोन ठेवू नका. कोण रुग्ण, कशासाठी दाखल, संध्याकाळी नाडी, श्वास आणि रक्तदाब किती होते आणि आता किती आहेत, तुम्हांला स्वतःला काय वाटते, आणि डॉक्टरांनी येऊन पाहावे की फोनवर हुकूम द्यावा, हे सारे या क्रमाने बोला. मग केसपेपरवर वेळेसह नोंद करा. न्यूमोनियाने दाखल झालेला एक वृद्ध शेतकरी तिन्हीसांजेपासून अंगावरची वस्त्रे फेडू लागला, शिव्या देऊ लागला, खाटेवरून उतरू लागला. घरच्यांनी ठरविले की तात्यांना बाहेरचे झाले आहे, आणि उशीखाली अंगारा आला. फोनवर झोपेचे औषध देण्याचा विचार निघाला, तेव्हा मी आधी तपासून पुन्हा कळविते असे विनविले. साखर ठीक होती, ऑक्सिजन ठीक होता. ओटीपोटावर हात ठेवला तर ते मडक्यासारखे तट्ट फुगलेले. लघवी तुंबली होती आणि ते त्याला सांगता येत नव्हते. डॉक्टरांनी नळी घालण्यास सांगितले, लिटरभराच्या आसपास लघवी निघाली, आणि तात्या झोपी गेले. अंगारा मी उशीखालीच राहू दिला. वृद्धाच्या अचानक आलेल्या भ्रमाला शारीरिक कारण असते असे धरूनच शोधास लागावे, आणि झोपेचे औषध सर्वांत शेवटी काढावे, हे माझे मत त्यानंतरच्या वर्षांत अधिकच दृढ झाले.

निर्णय घेण्याची ही शक्ती पदवीवर कितपत अवलंबून असते, या प्रश्नाचे उत्तर आमच्याच जिल्ह्याने साऱ्या जगाला दिलेले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले आणि त्याचा भार गावानेच निवडलेल्या बायकांवर टाकला. त्यांतील पुष्कळ जणी निरक्षर होत्या आणि अनेक दलित वस्त्यांतून आलेल्या होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, शिकत, आपापल्या गावातील रुग्णांविषयी एकमेकींना सांगत आणि परत जात. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि देशोदेशींचे लोक ते काम पाहावयास जामखेडला येऊ लागले. मीही नोकरीच्या निमित्ताने तेथे जाऊन आले, आणि ज्या बायकांना मी काही शिकवीन असे वाटले होते त्यांच्याकडून शिकून परतले. कोणाच्या घरी कोणाला आधी बोलावे, गोळी बंद का केली हे विचारताना आवाज कसा ठेवावा, नवऱ्यासमोर काय विचारू नये, हे त्यांना जितके ठाऊक होते तितके आमच्या पाठ्यपुस्तकांत कोठेही लिहिलेले नव्हते. डॉक्टरने आपले ज्ञान अशा बाईच्या स्वाधीन करावे आणि तिच्या निरीक्षणावर विश्वास ठेवावा, हा आरोळ्यांचा आग्रह मला त्यांच्या साऱ्या कार्यातील सर्वांत मोठा भाग वाटतो.

त्या शिकवणुकीचा उपयोग मला अधिक झाला तो रुग्णाला घरी पाठविताना. हृदय दुर्बळ झालेल्या माणसाच्या अंगात पाणी साठू लागले की पायांवर सूज दिसण्यापूर्वीच वजन वाढते, म्हणून रोज सकाळी वजन करावे, हा सल्ला योग्यच आहे; पण ज्याच्या घरात वजनकाटा नाही त्याला तो देऊन काय उपयोग? म्हणून मी विचारीत असे, गावात दूधसंस्थेचा किंवा रेशन दुकानाचा काटा आहे का, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता या, असे सांगत असे. मीठ कमी करा म्हटल्यावर माणूस भाजीतील मीठ कमी करतो. लोणचे, पापड, खारवलेली मिरची तशीच चालू राहते, म्हणून त्यांची नावे घेऊन बोलावे लागते. फ्रीज नसलेल्या घरी इन्शुलिनची बाटली पिशवीत बांधून, पाणी न शिरेल अशा बेताने, माठाच्या गारव्यात ठेवावी लागते. ऊसतोडीला निघालेल्या रक्तदाबाच्या बाईला महिन्याने तपासणीला या, असे लिहून देण्यात अर्थ नसतो. ती त्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यातील फडात असते. तिच्यासाठी दिवसातून एकदाच घ्यावयाची गोळी, जास्त दिवसांचा पुरवठा आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी, एवढ्याची तजवीज डॉक्टरांकडे मागणे हा परिचारिकेचा निर्णय आहे, आणि तो न घेतला तर तीच बाई काही महिन्यांनी झोळीतून परत येते.

हे सारे करावयास वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे माणसे. अमेरिकेत लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील 168 इस्पितळांचा अभ्यास करून 2002 साली दाखवून दिले, की एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांना 30 दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. आमच्याकडे सबंध वॉर्डाला रात्री एकच परिचारिका असलेल्या रात्री मी पाहिल्या आहेत, काढल्या आहेत. अशा रात्री आजी झोपली आहे की गुंगीत आहे हे पाहावयास कोणी कोपऱ्यापर्यंत पोहोचेलच, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. परिचारिकांची रिक्त पदे भरणे ही त्यांच्यावरची मेहेरबानी नसून तो औषधोपचाराचाच भाग आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणते.

वाचकांपाशी माझे मागणे इतकेच आहे. आपल्या माणसाला घेऊन इस्पितळात याल तेव्हा घरातील सगळी औषधे, संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा, बरोबर आणा. उपास, तंबाखू, मिश्री, वैदूने दिलेला पाला, यांपैकी काहीही सिस्टरपासून लपवू नका. ती तुमचा न्यायनिवाडा करावयास बसलेली नाही. ऑक्सिजनच्या आणि सलाईनच्या चावीला हात लावू नका. आणि तुमचा माणूस कळवळत असताना ती क्षणभर दुसऱ्या, गप्प पडलेल्या रुग्णाकडे गेली, तर तिला अडवू नका.